नक्कल, बनावट आणि कारागिरी : व्हायोलिनचा कारखानदार ज्याँ-बाप्तिस्त व्हियोम



माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईनं मध्यंतरी मला एक फोटो पाठवला. गावाकडच्या घराची साफसफाई करताना पणजोबांच्या ट्रंकेत एक जुनं व्हायोलिन सापडलं होतं. तारा तुटलेल्या, गजाचे केस झडलेले. पण आत बॅटरीचा उजेड टाकला तर एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसत होती. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं, 'क्रेमोनाच्या अंतोनिओ स्त्रादिव्हारीनं बनवलं', आणि पुढे सतराशे काहीतरी साल. आईनं विचारलं, "मॅडम, नेटवर बघितलं तर अशी व्हायोलिनं कोट्यवधींना जातात म्हणे. खरं असेल का हो?"

मी फोटो मोठा करून पाहिला. चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : 'मेड इन जर्मनी'. स्त्रादिव्हारी तर इटलीतला! मी तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात येऊन थेट विचारतो, "म्हणजे पणजोबांना फसवलं का मॅडम? कोणीतरी कॉपीच केली ना?"

या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देता येईना. म्हणून मी त्याला एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हायोलिनच्या नकला करूनही जो जगातल्या मोठ्या कारागिरांत गणला गेला, त्या ज्याँ-बाप्तिस्त व्हियोमची. तीच इथे जरा सविस्तर सांगते. इतिहास, विज्ञान, कार्यानुभव आणि मूल्यशिक्षण, चारही तासांना उपयोगी पडेल.

आधी व्हायोलिन समजून घेऊ

बघा, व्हायोलिन म्हणजे एक पोकळ पेटी. तिचा वरचा पत्रा स्प्रूस नावाच्या हलक्या, सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, तर पाठ आणि कडा मेपलच्या. वरच्या पत्र्यावर इंग्रजी 'एफ'च्या आकाराची दोन भोकं. तारा एका लाकडी घोडीवरून जातात. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात आणि त्यांवर राळ घासतात. राळेमुळे केस तारेला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. तार थरथरते, ती थरथर घोडीतून पेटीत उतरते आणि पेटी हवेला हलवते. झाला आवाज.

पेटीच्या आत, घोडीच्या एका पायाजवळ, एक बारीक लाकडी दांडी उभी असते. ती ना चिकटवलेली, ना खिळ्यानं ठोकलेली. नुसत्या दाबावर उभी. ती किंचित सरकली तरी आवाज बदलतो. फ्रेंच लोक या दांडीला 'आम' म्हणतात. आम म्हणजे आत्मा! मुलांना हे सांगा, ती विसरत नाहीत.

आता स्त्रादिव्हारी. हा इटलीतल्या क्रेमोना गावचा. १७३७ साली वारला तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती आणि शेवटपर्यंत काम चालू होतं. त्यानं हजारांहून अधिक वाद्यं बनवली असा अंदाज आहे, त्यातली साधारण साडेसहाशे आज शिल्लक आहेत. १७८२ मध्ये व्हियोत्ती नावाचा इटालियन वादक पॅरिसला आला आणि स्त्रादिव्हारीचं व्हायोलिन वाजवून त्यानं पॅरिसला वेड लावलं. मोठमोठी सभागृहं उभी राहण्याचे ते दिवस. मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज हवा होता आणि तो या वाद्यांत होता. प्रत्येकाला 'स्ट्रॅड' हवं, पण बनवणारा तर कधीच गेलेला. मागणी भरपूर आणि माल मोजका. व्हियोमची गोष्ट सुरू होते ती इथे.

मिरकूरचा मुलगा पॅरिसला येतो

फ्रान्सच्या पूर्वेला, लोरेन भागात मिरकूर नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे घरोघरी व्हायोलिनं बनत. जसं आपल्याकडे मिरज म्हटलं की सतार-तंबोरा आठवतो, तसं फ्रान्समध्ये मिरकूर म्हटलं की व्हायोलिन. या गावात ७ ऑक्टोबर १७९८ रोजी व्हियोमचा जन्म झाला. वडिलांचा धंदा हाच, त्यामुळे हत्यारं हातात खेळतच तो मोठा झाला.

१८१८ मध्ये, विशीत, तो पॅरिसला आला आणि फ्रान्स्वा शानो यांच्याकडे कामाला लागला. हे शानो मूळचे नौदलातले अभियंते. व्हायोलिनला कोपरेच नकोत, त्याचा आकार गिटारसारखा गुळगुळीत हवा, असं त्यांचं म्हणणं. तसं व्हायोलिन त्यांनी बनवलंही. ते फार चाललं नाही. पण 'परंपरा आहे म्हणून करायचं असं नाही, आधी तपासायचं' ही सवय या उमेदवारीत व्हियोमच्या अंगात मुरली असावी. पुढे त्यानं फेलिक्स साव्हार या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर काम केलं. साव्हार यांना ध्वनीचा अभ्यास करायचा होता. लाकडाचा पत्रा किती जाड असला की कोणता स्वर देतो, हे ते मोजत आणि त्यासाठी लागणारी जुनी वाद्यं व्हियोम पुरवी. शास्त्रज्ञ आणि कारागीर एका टेबलाशी बसले की काय होतं, याचं हे छान उदाहरण.

शानोंनंतर तो सिमों लेते यांच्याकडे गेला, पुढे त्यांचा भागीदार झाला. १८२७ च्या प्रदर्शनात त्याला रौप्यपदक मिळालं. त्याच सुमारास पॅरिसमधल्या क्र्वा-दे-पेती-शाँ रस्त्यावर ४६ नंबरला त्याचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. मग पदकांची रांगच लागली : १८३९ आणि १८४४ मध्ये सुवर्णपदक, १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च पदक आणि फ्रान्स सरकारचा 'लेजिओं द ऑनर' हा सन्मान.

नक्कल करायची तर कशी?

व्हियोमला एक गोष्ट लवकर कळली. लोकांना 'नवीन' व्हायोलिन नको आहे, 'जुनं' हवं आहे. मग त्यानं स्त्रादिव्हारी आणि ग्वार्नेरी या दोन उस्तादांची वाद्यं समोर ठेवून त्यांच्या नकला करायला घेतल्या. या नकला वरवरच्या नव्हत्या. तो पत्र्याची जाडी जागोजाग मोजायचा, कमानीचा उतार उतरवून घ्यायचा. व्हार्निश कुठे झिजलंय, हनुवटी कुठे टेकायची, हात कुठे घासायचा, हे पाहून तशीच झीज नव्या वाद्यावर आणायचा.

हे त्याला जमलं त्याचं एक कारण अगदी व्यावहारिक होतं. त्याच्याकडे दुरुस्तीची कामं यायची. जुनी वाद्यं उघडून आतून पाहायला मिळायची. दुरुस्ती, खरेदी-विक्री आणि निर्मिती हे तिन्ही धंदे एका छपराखाली, आणि तिन्ही एकमेकांना शिकवणारे.

सगळ्यात गाजलेली गोष्ट पागानिनीची. निकोलो पागानिनी हा त्या काळातला सर्वांत मोठा व्हायोलिनवादक. त्याचं लाडकं वाद्य म्हणजे ग्वार्नेरीनं १७४३ मध्ये बनवलेलं व्हायोलिन. आवाज इतका दणदणीत की त्यानं त्याचं नावच 'कानोने', म्हणजे तोफ, ठेवलं होतं. ते दुरुस्तीला व्हियोमकडे आलं. व्हियोमनं दुरुस्ती केली आणि सोबत एक हुबेहूब नक्कलही बनवली. दोन्ही समोर ठेवल्यावर आपलं कोणतं हे खुद्द पागानिनीलाही आधी ओळखता आलं नाही, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच सांगा. पण ती नक्कल पुढे पागानिनीचा शिष्य कामिल्लो सिव्होरी याच्याकडे गेली आणि त्यानं ती मैफलींत वाजवली, हे मात्र खरं. आज तोफ आणि तिची नक्कल, दोन्ही इटलीतल्या जेनोआ शहरानं जपून ठेवल्या आहेत. नकलेला असा मान क्वचितच मिळतो.

आता मुलांचा प्रश्न : ही कॉपीच झाली ना? इथे एक फरक नीट समजावून द्यावा लागतो. व्हियोम आपल्या वाद्यांच्या आत शाईनं क्रमांक घालायचा, सही करायचा. म्हणजे 'हे मी केलंय' अशी नोंद वाद्याच्या पोटातच असायची. गिऱ्हाइकाला नक्कल आहे हे माहीत असायचं, आणि किंमतही नकलेची. पण गोष्ट इतकी साफही नाही बरं का. काही नकलांमध्ये त्यानं स्त्रादिव्हारीच्या चिठ्ठीचीसुद्धा नक्कल डकवली. पहिल्या गिऱ्हाइकाला सत्य ठाऊक. पण पन्नास वर्षांनी, तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यावर? आतला क्रमांक बघणार कोण? प्रामाणिक नकलेची बनावट वस्तू व्हायला कधी कधी फक्त काळ पुरतो. मोठ्या मुलांशी यावर जरूर बोला.

मसीहा आणि झाडाची साक्ष

लुइजी तारिसिओ नावाचा एक इटालियन होता. मूळचा सुतार. गावोगाव, मठामठांत फिरून तो जुनी, अडगळीत पडलेली व्हायोलिनं गोळा करायचा आणि पॅरिसला आणून विकायचा. दरवेळी तो सांगायचा, 'माझ्याकडे स्त्रादिव्हारीचं एक असं व्हायोलिन आहे, कोणी न वाजवलेलं, जणू कालच बनवलेलं. पुढच्या खेपेला आणीन.' ती पुढची खेप कधी आलीच नाही. एकदा व्हियोमचा जावई, व्हायोलिनवादक देल्फॅं आलार, वैतागून म्हणाला की तुझं हे व्हायोलिन म्हणजे मसीहाच दिसतंय, सगळे वाट बघतात आणि येत काही नाही! तेव्हापासून त्या वाद्याचं नाव पडलं 'मसीहा'.

१८५४ मध्ये तारिसिओ वारला. बातमी कळताच व्हियोम इटलीला धावला. वारसांकडून त्यानं जवळजवळ दीडशे वाद्यं सुमारे ८० हजार फ्रँकना विकत घेतली. त्याच्या स्वतःच्या नव्या व्हायोलिनची किंमत ३०० फ्रँकच्या आसपास असायची. म्हणजे किती व्हायोलिनं विकल्यावर ही रक्कम उभी राहील? हे गणित फळ्यावर मुलांकडून करून घ्या. त्या दीडशेत 'मसीहा' होतं. १७१६ सालचं, खरोखरच नव्यासारखं. व्हियोमनं ते १८७५ मध्ये मरेपर्यंत विकलं नाही. आज ते इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरात, अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे.

पण इतक्या उत्तम नकला करणाऱ्या माणसाची ही एक अडचण बघा. गेल्या शतकाच्या शेवटी काही जाणकारांनी शंका काढली की हे 'मसीहा' स्त्रादिव्हारीचं नसून व्हियोमनंच बनवलेलं असेल तर? वाद मिटवायला मदतीला आलं झाडांचं विज्ञान. झाड दरवर्षी एक कडं वाढवतं. पावसापाण्याप्रमाणे कधी रुंद, कधी अरुंद. व्हायोलिनच्या वरच्या पत्र्यावर ही कडी उभ्या रेषांसारखी दिसतात. त्यांचा क्रम इतर जुन्या लाकडांच्या क्रमाशी जुळवला की कडं कोणत्या वर्षाचं ते कळतं. 'मसीहा'च्या पत्र्यावरचं सर्वांत अलीकडचं कडं निघालं १६८२ सालचं.

यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे मुलांना शोधू द्या. लाकूड १६८२ च्या आधी तोडलेलं असणं शक्य नाही, एवढं नक्की. १७१६ शी ते नीट जुळतं. पण कोणी नंतर जुनं लाकूड वापरलंच नसेल, असं कडी एकटी सांगू शकत नाहीत. त्यासाठी इतर पुरावे लागतात : कागदपत्रं, हत्यारांच्या खुणा, व्हार्निश. आज बहुतेक तज्ज्ञ ते स्त्रादिव्हारीचंच मानतात. पुरावा किती बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

कारखान्यातले हात

व्हियोमच्या नावावर तीन हजारांहून जास्त वाद्यं आहेत. एका माणसाच्या हातून इतकी होतात का? नाही. तो कारखाना होता. मिरकूरहून तरुण कारागीर यायचे, त्याच्याकडे काम करायचे. वेगवेगळी कामं वेगवेगळ्या हातांत, आणि शेवटची नजर व्हियोमची. व्हार्निशचं काम तो स्वतःकडे ठेवायचा असं मानलं जातं.

गजाचं पाहा. व्हायोलिनचा उत्तम गज ब्राझीलमधल्या पेर्नाम्बुको नावाच्या लाकडाचा. ते लाकूड जड, चिवट, वाकवलं की पुन्हा सरळ होणारं. व्हियोमच्या गजांवर शिक्का असायचा 'व्हियोम'चा, पण बनवणारे वेगळे : पेर्स्वा, दोमिनिक पेकात, सिमों, व्वारँ. आज हे सगळे गज बनवणाऱ्यांत थोर मानले जातात. पेकात १८२६ मध्ये त्याच्याकडे आला आणि साधारण अकरा वर्षं होता. त्या अकरा वर्षांतले गज बाहेर गेले ते मालकाच्या नावानं. जॉर्ज गेमुंडर नावाचा कारागीर इथे शिकून पुढे अमेरिकेत गेला आणि तिथे नावारूपाला आला.

यावर दोन बाजूंनी बोलता येतं. एक बाजू म्हणते, मालकानं दुसऱ्यांचं श्रेय घेतलं. दुसरी म्हणते, त्यानं कच्च्या पोरांना काम दिलं, उत्तमोत्तम वाद्यं हाताळायला दिली, म्हणून तर ते पुढे मोठे झाले. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. आणि म्हणूनच आज तज्ज्ञ मंडळी शिक्क्यावर थांबत नाहीत. गजाच्या टोकाचा उतार आणि मुठीजवळची घडण पाहून 'हा पेकातचा हात' असं सांगतात. नाव पुसलं तरी हात ओळखू येतो, असं मी वर्गात सांगते. आमच्या मुलांनी लगेच चाचणी घेतली : नावं झाकून वह्या ठेवल्या आणि अक्षरावरून मालक ओळखले. बहुतेक ओळखले!

व्हियोमला नवं करून बघायची खोडही होती. गजाचे केस झडले की कारागिराकडे जावं लागू नये म्हणून वादकानं स्वतःच बदलावेत असा गज त्यानं काढला. लाकडाऐवजी पोकळ पोलादी गज काढला. १८५० च्या सुमारास 'ऑक्टोबास' नावाचं अवाढव्य वाद्य बनवलं, जवळजवळ साडेतीन मीटर उंच, तीन तारांचं! वादकानं चौथऱ्यावर उभं राहायचं. तारांपर्यंत बोटं पोचतच नाहीत, म्हणून हाताच्या दांड्यांनी आणि पायाच्या पट्ट्यांनी तारा दाबायच्या. ते फारसं कोणी वाजवलं नाही, पण पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आजही बघायला मिळतं.

आणि धंदेवाईक डोकं? १८५८ मध्ये त्यानं कारखाना पॅरिसच्या वेशीबाहेर, तेर्न भागात हलवला. कारण, शहरात येणाऱ्या लाकडावर जकात लागायची! शिवाय मिरकूरमधल्या भावाकडून स्वस्त व्हायोलिनं बनवून घेऊन तो वेगळ्या नावानं विकायचा. 'सेंत सेसिल' हे त्यातलं एक. महाग माल आपल्या नावानं, स्वस्त माल दुसऱ्या नावानं. आजच्या कंपन्या वेगळं काय करतात?

पणजोबांच्या व्हायोलिनकडे परत

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिरकूर, जर्मनीतला सॅक्सनी आणि शेजारचा बोहेमिया इथे हजारोंनी व्हायोलिनं बनू लागली. त्यांत स्त्रादिव्हारीच्या छापील चिठ्ठ्या डकवत. गिऱ्हाइकाला फसवायला दरवेळी नव्हे. 'या नमुन्याचं' एवढाच अर्थ व्यापाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असायचा. १८९० मध्ये अमेरिकेनं कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव हवं. तेव्हापासून चिठ्ठीवर 'जर्मनी' वगैरे दिसू लागलं. म्हणून चिठ्ठीवर देशाचं नाव इंग्रजीत असेल तर वाद्य साधारण त्यानंतरचं. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरचंच, कारण त्याआधी तो देशच नव्हता.

व्हायोलिन आपल्याकडे आलं तेही फार मोठा प्रवास करून. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या मुलं ते शिकली, आणि पुढे त्यांतले कितीतरी जण मुंबईच्या सिनेमासंगीतात वाजवू लागले. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग यांनी त्यावर राग उभे केले. पाश्चात्त्य वादक हनुवटीखाली धरतो, आपला वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवतो. वाद्य तेच, बैठक आपली.

त्या आईला मी सांगितलं, कोट्यवधी नाहीत, पण फेकूनही देऊ नका. जाणत्या कारागिराला दाखवा. आतली दांडी पडली असेल तर बसवून घ्या, गजाला नवे केस लावा. आणि मुलाला सांगितलं, पणजोबांना फसवलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. त्यांनी चिठ्ठी वाचून घेतलं की आवाज ऐकून, हे आता आपल्याला कळणार नाही. पण धनुकली झिजलेल्या ट्रंकेतल्या त्या वाद्याच्या पट्टीवर बोटांनी घासून चार खोल खुणा पडलेल्या आहेत. म्हणजे ते नुसतं ठेवलेलं नव्हतं, वाजवलेलं होतं.

वर्गात करून बघा

१. मुलांना एक चित्र हुबेहूब काढायला सांगा आणि खाली लिहायला सांगा, 'मूळ चित्र अमक्याचं, नक्कल माझी'. मग विचारा, ही ओळ खोडली तर काय बदलतं? परीक्षेतली कॉपी आणि शिकण्यासाठीची नक्कल यांतला फरक मुलं स्वतःच सांगतात.

२. तोडलेल्या झाडाचा बुंधा किंवा लाकडाचा आडवा काप आणा. कडी मोजा. कोणत्या वर्षी पाऊस कमी झाला असेल, अंदाज करा.

३. रिकाम्या खोक्यावर रबर ताणून छेडा. मग खोक्याच्या आत एक काडी उभी करून पुन्हा छेडा. आवाजात काय फरक पडला, ते लिहा.

४. घरातली एखादी जुनी वस्तू निवडा. तिच्यावर कोणाचं नाव आहे? ती प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी बनली असेल? आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.

जाता जाता एक सांगते. मिरकूरमध्ये आज व्हायोलिन बनवण्याचं शिक्षण देणारी शाळा आहे आणि तिला नाव दिलंय ज्याँ-बाप्तिस्त व्हियोमचं. तिथली मुलं आजही आधी जुन्या उस्तादांच्या वाद्यांचे नमुने समोर ठेवूनच हात बसवतात. आपली मुलं पाटीवर काढून दिलेलं अक्षर गिरवतात, तसंच. आधी गिरवायचं, मग आपलं अक्षर काढायचं, आणि खाली आपलं नाव लिहायचं.